पायांनो, उठा

त्याने तिच्या कवितेच्या खालच्या दोन ओळी बाहीने पुसल्या, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. चष्म्याची दांडी मोडलेली, धड दिसत नाही, म्हणून बिचारा दुकानाबाहेरच्या फळ्याला नाक टेकेपर्यंत वाकून वाचत होता.

"तुमच्या बाहीवर माझं झाड आहे," ती आतून म्हणाली.

त्याने बाही पाहिली, मग फळा. 'झाडाला विचारलं, एका जागी कंटाळा नाही का येत? झाड म्हणालं —' आणि पुढे नुसता खडूचा धुरळा.

"अरेरे... काय म्हणालं झाड?"

"गेलं आता. रोज एक लिहिते, संध्याकाळी पुसते. शिळी कविता मिळत नाही इथे."

"आणि चष्मा?"

"तो मिळेल. बसा."

दुकान तिच्या मामाचं. फळा त्याने 'चष्मे दुरुस्त करून मिळतील' एवढंच लिहायला आणला होता. खालची जागा भाचीने कधी बळकावली हे त्याला कळलंच नाही. काचा घासता घासता सुचेल ते ती तिथे लिही. कोवळं ऊन, उगाच आलेली उदासी, कुठेतरी निघालेले ढग. मामा कुरकुरायचा, "ज्याला वाचता येतं त्याला चष्मा नको, ज्याला चष्मा हवा त्याला वाचता येत नाही. कुणासाठी लिहितेस गं तू?"

आता तिला ते माहीत होतं. फळा पुसणारा तो जमिनीची मोजणी करायचा. तिपाई खांद्यावर, बुटांना चिखल, आणि डोळ्यांत कायम पुढच्या टेकडीपलीकडचं काहीतरी. रोज कामावर जाताना तो फळ्यापाशी थांबे आणि काचेतून तिच्याकडे बघून मान डोलवी. कधी स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त काढून आत येई.

"हा स्क्रू कालच घट्ट केलाय मी," ती म्हणायची.

"मग आज सैल करा. उद्या परत येता येईल."

ती हसायची आणि चष्मा पुसत राहायची, नको तितका वेळ.

"झाडाचं तरी सांगा आता," एकदा तो म्हणाला.

"ते म्हणालं... येणारे असले की नाही येत कंटाळा."

कान लाल झाले त्याचे.

एवढं सगळं होतं, तरी तोंडाने कुणी काही बोलेना. त्याचं इथलं काम संपत आलं होतं. एका सकाळी तिने धीर करून लिहिलं, 'जाऊ नकोस'. तो कोपऱ्यावर दिसला आणि तिने घाईघाईने तळव्याने ते पुसलं. भटकंतीच्या कवितांपाशी तो सर्वांत जास्त रेंगाळतो हे तिने हेरलं होतं. तो रेंगाळावा म्हणून मग तिने दुसरंच लिहिलं —

उंबऱ्याशी बसून
डोंगर दिसतात, भेटत नाहीत.
पायांनो, उठा आता...
मागे वळून पाहायला आयुष्य पडलंय.

तो खरंच खूप वेळ थांबला. त्या दिवशी मात्र आत आला नाही. ती मनात खूश झाली, वेडी.

आठवड्याने तो आला तो बॅग घेऊनच. बाहेर जीप उभी होती.

"डोंगरातलं काम आहे, चार वर्षांचं. दोनदा नाही म्हटलं होतं मी... इथेच बरं वाटायला लागलं होतं. मग तुम्ही ते लिहिलंत. म्हटलं, तुम्हालाच वाटतंय मी जावं."

तिच्या हातातली काच खाली पडली. फुटली नाही, पण मामाने मान वर केली आणि तो मागच्या खोलीत निघून गेला.

"मी ते तुम्हाला आवडावं म्हणून लिहिलं होतं," ती म्हणाली.

"म्हणजे खोटं होतं?" तो जवळ आला. "खोटं होतं म्हणा. मी बॅग खाली ठेवतो."

'हो' एवढंच म्हणायचं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखर थांबला असता. आणि मग रोज सकाळी, तिच्या शेजारी उभा राहून, त्या टेकडीकडे बघत राहिला असता. ते बघणं तिला सोसलं नसतं.

"खरं होतं," ती म्हणाली. "माझं नव्हतं, तुमचं होतं."

जीपवाल्याने हॉर्न दिला.

"आणि तुमचं काय?"

"माझं... तुम्ही मला आवडता. फार. एवढंच आहे माझं, आणि ते मला एकदाही लिहिता आलं नाही."

त्याने तिचे खडूने पांढरे झालेले हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. सोडले ते तिनेच.

जीप गेल्यावर मामा बाहेर आला. त्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

"आज काय लिहिणार?" त्याने पहिल्यांदाच विचारलं.

"आज नको मामा," ती म्हणाली, आणि रडायला लागली.