एक मीटर रूळ

रुळाचा तुकडा कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिळतो. रीतसर मिळतो. अर्ज करावा लागतो, चिकाटी लागते, इतकंच. पण माझा तुकडा कसा आला ते आधी ऐका आणि मग अर्ज करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. जरा आत सरकून बसा, दाराशी वारा लागतो.

आमचं काम सुतारांच्या हत्यारांचं. पटाशा, वाकस, रंध्याची पाती. हे दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. चाळीस वर्षं लोखंड ठोकून त्यांचे कान गेले. मी सांगते आहे त्या दिवसापर्यंत बारा वर्षं त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. ढग गडगडले तरी मान वर व्हायची नाही. तरी लोखंड चांगलं की वाईट, हे ते तळहातानं सांगायचे. आमची जुनी ऐरण कोपऱ्यातून तडकली, तेव्हा माझ्या कानांच्या आधी त्यांच्या मनगटाला कळलं. हातोडा खाली ठेवला आणि म्हणाले, संपली ही.

नव्या ऐरणीसाठी रुळाच्या तुकड्यासारखी वस्तू नाही. वर्षानुवर्षं चाकांखाली दबून त्याचं डोकं असं घट्ट झालेलं असतं, की त्यावर कितीही ठोका, खड्डा पडत नाही. आणि तसे रूळ गावाबाहेर पडलेले सगळ्यांना माहीत होते. जुन्या दगडखाणीची लाइन अकरा वर्षांपूर्वी बंद झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, ज्याला अण्णा जावईबापू म्हणायचे आणि म्हणून आम्ही सगळेच बापू म्हणायचो, तो तर टेम्पोची किल्ली फिरवत उभाच राहिला. संध्याकाळपर्यंत आणून टाकतो म्हणाला, गंजून मातीत चाललंय, कोण विचारतंय.

मी नको म्हटलं. गंजलेलं असलं तरी ते रेल्वेचं. आपल्या अंगणात सापडलं तर कुठे पडलं होतं हे कुणी ऐकून घेत नाही, चोरीच म्हणतात. मी अर्ज केला. या खिडकीवरून त्या खिडकीवर गेले. आम्ही भंगार लिलावात टनांनी विकतो, तुकडा विकत नाही, असं तिथे सांगितलं. शेवटी एका बाईंना दया आली. कारागिरांसाठी थोडं लोखंड सोडायचा एक नियम होता, तो त्यांनी शोधून दिला. चार महिन्यांनी पत्र आलं. बाद झालेला रूळ, पांढरा पट्टा मारलेला, एक मीटर. दगडखाणीच्या लाइनवरून, अमुक तारखेला, भांडारवाल्यासमोर. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, जागेवरील कर्मचाऱ्याची सही घेतल्याशिवाय माल बाहेर नेऊ नये.

बापू हसून म्हणाला, "ताई, तुम्ही देवाकडे गेलात तरी पावती मागाल."

आम्ही तिघं दुपारी निघालो. अण्णांना तुकडा स्वतः निवडायचा होता. बहिणीला सातवा महिना होता, ती दारात उभी राहून बापूला लवकर ये म्हणाली. ऊन इतकं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

भांडारवाला पत्र्याच्या खोलीत एकटाच होता. खोलीला एकच खिडकी, आणि ती खाली लाइनकडे उघडणारी. त्यानं खुर्ची तिच्याकडे पाठ करून ठेवली होती. सगळा वारा त्या खिडकीतून येत होता आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून घाम पुसत बसला होता. त्यानं पत्र वाचलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि मागे न बघताच पेनानं खिडकीकडे दाखवलं. खाली उतरा, पांढरा पट्टा असलेलाच घ्या, सही घेऊन वर या. बापूनं विचारलं, सही कुणाची. तो म्हणाला, असतो तो खाली. तुम्ही येत नाही का, असं मी विचारलं. माझं काम कागदाचं, म्हणाला.

लाइन एका खिंडीतून जात होती. दोन्ही बाजूंना दगडाच्या उंच भिंती आणि त्या भिंतींत थोड्या थोड्या अंतरावर एक माणूस उभा राहील एवढे कोनाडे. गाडी आली की लाइनवरच्या माणसानं आत शिरायचं, म्हणून ठेवलेले. आता गाडी येण्याचा प्रश्नच नव्हता. खिंडीच्या दोन्ही तोंडांपाशी रूळ संपत होते. पुढे स्लीपरसुद्धा उचललेले होते, नुसतं गवत. मधला दोनशे पावलांचा तुकडा तेवढा शिल्लक. वर झाडांतले किडे कर्कश किरकिरत होते, पण आम्ही खाली उतरलो आणि कुणीतरी झाकण लावल्यासारखा तो आवाज बंद झाला. जुन्या वंगणाचा वास येत होता. अकरा वर्षांत वंगण वाळून जायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पांढरा पट्टा असलेला रूळ स्लीपरवरच होता, बोल्ट काढलेला. अण्णांनी त्यावर हातोडीनं हलकेच मारलं, तळहात ठेवला आणि मान डोलावली. बापूनं बॅटरीवरचं कटर काढलं, कानांवर जाड टोप्या चढवल्या आणि गुडघ्यांवर बसून कापायला लागला. अण्णा समोरच्या, अजून पक्क्या असलेल्या रुळावर टेकले. मी सहीवाल्याला शोधायला थोडी पुढे गेले.

तो समोरूनच येत होता. कुठून आला ते मी पाहिलं नाही. तिशीतला असेल. अंगात भगव्या रंगाचं जाकीट, इतकं कोरं की घडीच्या रेघा दिसत होत्या. हातात लांब दांड्याचा हातोडा. रुळाच्या प्रत्येक जोडावर मारायचा, मान कलती करून ऐकायचा आणि पुढे यायचा. तो माझ्यापासून दहा पावलांवर असेल, पण हातोडा पडला की आवाज जरा वेळानं यायचा. लांब नदीवर कुणी कपडे धूत असलं, की हात आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, तसा.

त्यानं कागद मागितला. ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला.

"एक मीटर. बरं. पण आत्ता नको. पावणेतीनची जाऊ दे."

मी म्हटलं, "कुठली पावणेतीनची? दोन्हीकडे रूळच नाहीत."

त्यानं फाटकापाशी माणूस बघतो तसं आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहिलं.

"म्हणून तर लवकर कळत नाही..."

मग कागद तळहातावर धरून सही केली, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "कोनाड्यात उभे राहा. तिघंही." माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या अंगाला उन्हाचा वास नव्हता. पावसात भिजलेल्या कापडाचा होता.

घड्याळात दोन अडतीस झाले होते. मला वाटलं, एकटेपणानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. सही मिळाली होती, वाद कशाला घाला. मी परत आले. बापूनं एक टोपी वर करून विचारलं, काय म्हणतोय तो. गाडी जाईपर्यंत थांबा म्हणतोय, असं मी सांगितलं.

"तिकीट आहे का विचारा त्याला," बापू म्हणाला, टोपी खाली ओढली आणि पुन्हा पाठ करून कापायला बसला.

तेवढ्यात अण्णा उठले. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, आपला आवाज आपल्याला कळत नाही म्हणून. अण्णा तर घरभर ऐकू जाईल असं बोलायचे. पण त्या वेळी ते इतक्या हळू बोलले की मला ओठांकडे बघावं लागलं.

"बाळ... गाडी येतेय."

मी वाकून रुळाला हात लावला. कटरचा हादरा मला माहीत आहे, तो तुटक असतो, दात शिवशिवल्यासारखा. हा तसा नव्हता. हा लांबून येणारा, एकसारखा आणि क्षणाक्षणाला जड होणारा होता. स्लीपरवरची बारीक खडी सरकत सरकत खाली पडत होती. मी दोन्हीकडे पाहिलं. दोन्ही तोंडांशी पांढरं ऊन, गवत, बाकी काही नाही.

मी बापूला हाक मारली. दुसरी मारली. मध्ये चार-पाच पावलंच होती, पण त्याचे कान बंद. मी धावले. मागून वारा आला, ब्रेक घासल्याचा जळका वास घेऊन. मी त्याची कॉलर धरून ओढलं. तो चिडून वळला, माझा हात झटकायला लागला, आणि मग माझ्या खांद्यावरून त्याला काहीतरी दिसलं असावं. तो ताठ झाला. आम्ही दोघं भिंतीवर आदळलो. अण्णांनी कोनाड्यातून हात काढून आम्हाला आत खेचलं. एका माणसाच्या जागेत आम्ही तिघं, अंगाला अंग दाबून.

आणि ती गेली. मला दिसली नाही. नुसती आमच्या तोंडावर सावली पडायची, मग ऊन, मग सावली, मग ऊन. डब्यांमधल्या फटींतून येतं तसं. पदर ओढला जात होता, मी तो दातांत धरला. आवाज मात्र नव्हता. कशाचाच. बापूच्या हातून पडलेलं कटर रुळाजवळ गरागरा फिरताना दिसत होतं, तेही मुकं. बापूचं तोंड उघडं होतं, तो ओरडत असणार. मला माझा श्वासदेखील ऐकू येत नव्हता.

किती वेळ, सांगता येणार नाही. सावली यायची थांबली आणि एकदम वरचे किडे ऐकू यायला लागले. मग बापूचं रडणं.

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले आणि दोन्ही हात कानांवर गच्च दाबलेले.

कटर चपटं झालं होतं. वहीच्या पुठ्ठ्याएवढं जाड राहिलं होतं. बापूनं अर्धवट कापलेला रूळ पूर्ण तुटला होता, मापात एक मीटर, आणि तुटलेलं तोंड हात लावू नये इतकं गरम होतं. बापू त्या तुकड्याजवळ जायला तयार होईना. तो धडपडत वर निघून गेला. पत्र त्याच दिवसापुरतं होतं. मी आणि अण्णांनी तुकडा दोरीत बांधला आणि थांबत थांबत वर चढवला. मागे कुणी दिसत नव्हतं, पण जोडांवर हातोडा पडत असल्याचा आवाज येतच होता.

भांडारवाला भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. सही झाली का, एवढंच त्यानं विचारलं. सही नीट निरखली आणि रजिस्टरमधल्या आधीच्या सह्यांशी ताडून पाहिली.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?"

"आधी सांगायचो," तो म्हणाला. "सांगितलं की लोक बघायला थांबतात."

त्यानं गेटपास फाडला. तेवढ्यात माझं लक्ष आमच्या नोंदीच्या वरच्या ओळीकडे गेलं. तारीख होती, दोन मीटर असं लिहिलेलं होतं, सहीचा रकाना कोरा होता. त्यानं माझ्या नजरेकडे पाहिलं आणि म्हणाला, "घाई होती त्याला." बाहेर खोलीच्या मागे एक मोटारसायकल उभी होती. तिच्या हँडलपर्यंत वेल चढली होती.

बापूनं त्यानंतर आमच्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही. त्याला काय दिसलं होतं हे त्यानं बहिणीलाही सांगितलं नाही. मुलगी झाली त्याला, गोड आहे, पण तिला घेऊन तो कधीही आगगाडीनं प्रवास करत नाही. अण्णांनी त्या रात्री जेवताना मला जवळ बोलावलं. म्हणाले, मला ऐकू आलं. बारा वर्षांत तेवढंच. मी खुणेनं विचारलं, कसली होती, मालगाडी? ते नाही म्हणाले. माणसं होती, बोलत होती सगळी. काय बोलत होती, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

ऐरण उत्तम झाली. ही बघा, तुमच्या पटाशा हिच्यावरच घडणार. घाव सरळ बसतो, एक ओरखडा नाही.

फक्त एक गोष्ट आहे. रूळ तयार होतो तेव्हा त्याच्या अंगावर कारखान्याचं चिन्ह, महिना आणि साल असे उठावाचे आकडे उमटवतात. बसवायच्या आधी मी गंज घासला, तेव्हा ते वर आले. चिन्ह कुठल्या कारखान्याचं ते मला कळलं नाही, रेल्वेच्या ऑफिसातही कुणाला कळलं नाही. डोकं मात्र एका बाजूनं अर्ध्या बोटाएवढं झिजलेलं. तीस-चाळीस वर्षं गाड्या गेल्याशिवाय इतकं झिजत नाही. आणि साल...

दिवा खाली धरा, तुम्हालाही दिसेल. मी घासलं तेव्हा ते साल यायला नऊ वर्षं होती. आता चार उरली आहेत. त्याच्या शेजारी महिनाही आहे, त्यावर मी पट्टी ठोकून टाकली आहे. ती काढायला सांगू नका.