पन्नास मीटरची मोजफीत

मोजफितीचे टोक ओर्नेल्लाच्या मुठीत होते, फीत गुंडाळायची चकती नुन्त्सियोच्या हातात. मधली पिवळी रेघ वाऱ्यात थरथरत होती... तिलाही स्वस्थता नसल्यासारखी.

कास्तेलनेरा गावाच्या मुख्य रस्त्यावर आठवडाभर गाड्या बंद होत्या. तो कायमचा माणसांना द्यायचा, तिथे झाडे, बाके, कारंजे आणायचे, की पुन्हा गाड्यांच्या हवाली करायचा, हे नगरसभा उद्या ठरवणार होती. आराखडा तोरिनो शहराहून आलेल्या ओर्नेल्लाचा होता. नामंजूर झाला तर ती परवा परतणार होती. नुन्त्सियो इथल्याच नगरपालिकेतला मोजणीदार. सातही संध्याकाळी दोघे चर्चपासून औषधांच्या दुकानापर्यंत मापे घेत ये-जा करत होते.

आज औषधवाल्या आस्सुंतामावशीने ओर्नेल्लाच्या हाती साखरबदामांची पुरचुंडी ठेवली होती, लग्नात वाटतात तशी, आणि तारीख विचारली होती. याचा अर्थ काय, असे ओर्नेल्लाने नुन्त्सियोला विचारले, आणि तो फितीवरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचू लागला.

"इथं गावाच्या संध्याकाळच्या पायी फेरीत," तो अखेर म्हणाला, "मुलगी एकाच मुलाबरोबर तीनदा दिसली, की सोयरीक ठरली म्हणतात. गाड्या आल्या, फेऱ्या बंद पडल्या... मला वाटलं, लोक विसरले असतील."

"आणि तुम्ही सात दिवस बोलला नाहीत?"

"मापं राहिली असती ना—"

"मापं पहिल्याच दिवशी झाली होती, नुन्त्सियो."

त्याचे कान तापले. मग हळूच उमगले... "म्हणजे मापं संपलीत हे तुम्हालाही ठाऊक होतं? तरी रोज येत होतात?"

ती फितीकडे पाहत राहिली. दुकानांपुढच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबली होती. कारंज्याच्या जागी आखलेल्या खडूच्या वर्तुळात कबुतरे अस्वस्थ फिरत होती. उद्या याच वर्तुळावर कदाचित चाके उभी असतील.

"आराखडा नामंजूर झाला," त्याने विचारले, "तरी... राहशील?"

तिने पुरचुंडीची गाठ सोडली, एक बदाम त्याच्या तळहातावर ठेवला, आणि पाठ फिरवून चर्चच्या दिशेने चालू लागली. त्याच्या हातातली चकती गरगरू लागली. दहा मीटर... वीस... तीस...

फितीचे टोक तिने सोडले नव्हते.