ओल्या भिंतीतला झरोका

एलुनेद प्रोबर्टने चहाला हात लावला नाही. "माझा नवरा एमरिस झोपेतच गेला. खोलीतल्या शेगडीच्या गॅसने. त्या रात्री मी घरी नव्हते," ती म्हणाली. "हवेचा झरोका बाहेरून लिंपलेला होता. गाव म्हणतंय, बेथनने लिंपला. तिनेच भिंतीला गिलावा केला. ते मला खरं वाटत नाही. शोधून काढा."

तिचा आवाज सपाट होता, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसा.

मेरेरिड प्यू खासगी तपास करायची. होपकिन तिची गाडी चालवायचा आणि प्रश्न विचारायचा. दोघे एलुनेदच्या मागोमाग डोंगरावरच्या त्या जुन्या दगडी घरी आले. झिमझिम चालू होती. होपकिन फाटकाच्या खांबाला टेकला, तर त्याच्या बाहीला राखाडी डाग पडला.

"जपून. नवा आहे," एलुनेद म्हणाली. "दिराने, टुडरने बसवला."

पश्चिमेची भिंत पावसाने काळवंडली होती. वरच्या खिडकीशेजारी मात्र वहीएवढा एक चौकोन फिकट राहिला होता. परांची अजून उभी होती. मेरेरिड वर चढली, तिने भिंतीवर नख ओढलं, मग चौकोनावर ओढलं, आणि खाली आली.

गवंडीण बेथन अंगणातच अवजारं आवरत होती. तिचे डोळे सुजले होते.

"आधीच्या सिमेंटने पाणी दगडात कोंडलं होतं," ती म्हणाली. "म्हणून एमरिसने चुना निवडला. मी सिमेंटची गोणीसुद्धा आणली नाही. झरोका उघडा ठेवून गेले होते. पण ऐकतंय कोण?"

टुडर स्वयंपाकघरात बसला होता. "चुना म्हणजे खुळेपणा," तो म्हणाला. "मी सिमेंटच सांगत होतो. तो हसला."

"वर कधी गेला होतात?" मेरेरिडने विचारलं.

"त्यांच्या झोपायच्या खोलीत? माझं काय काम तिथे?"

"आणि तुम्ही?" मेरेरिडने एलुनेदला विचारलं.

"मला शिडीची भीती वाटते. झरोक्यातून गार वारा यायचा. एमरिसला म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, राहू दे. का, ते नाही सांगितलं."

मेरेरिडने बेथनलाही आत बोलावलं.

"चुना पाणी पितो, म्हणून भिंत काळी पडली," मेरेरिड म्हणाली. "तो चौकोन पीत नाही. चुन्यावर नख उमटतं, त्याच्यावर उमटत नाही. तो सिमेंटचा आहे. बेथनकडे सिमेंट नव्हतं. इथे नवं सिमेंट आहे ते फक्त फाटकाच्या खांबाला."

होपकिनने आपल्या कोटाच्या बाहीकडे पाहिलं. "म्हणजे टुडरने भावाला मारलं?"

"थंडीपासून वाचवलं, असं त्याला वाटलं. आत शेगडी पेटते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो वरच्या खोलीत गेलाच नव्हता."

"हो," टुडर म्हणाला. "बेथन गेल्यावर परांचीवर चढलो. मी आपण होऊन केलं. सगळं माझंच."

"मग वारा येतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मेरेरिडने विचारलं.

टुडर टेबलाकडे बघत राहिला. "अंदाज केला."

"टुडर," एलुनेद म्हणाली, "पुरे."

तिने खुर्ची मागे सरकवली नाही, ती रडलीही नाही. "मीच सांगितलं होतं. तू भाऊ असशील तर ते भोक बुजव, म्हटलं. एमरिस ऐकत नव्हता ना. तू खरंच बुजवलंस का, हे तुला विचारायचा धीर झाला नाही."

"तुला कशाला दोष लागावा," टुडर पुटपुटला. "म्हणून गप्प बसलो."

"आणि बेथनला लागलेला चालला?" एलुनेदने विचारलं.

एलुनेदने बेथनकडे पाहिलं. "चल. आधी चर्चपाशी जाऊ, प्रार्थनेला लोक तिथे जमलेले असतील. त्यांना मी खरं काय ते सांगते. मग तू भिंतीतला तो झरोका उघड."

ती कोट न घालताच पावसात निघाली. टुडर उठला, खुंटीवरचा तिचा कोट घेतला आणि तिच्या मागे गेला.