ओढीची वाटेकरीण

इसवी सन २०७१ मध्ये मानवजातीने तलफेवर विजय मिळवला. हजारो वर्षं माणसाला नाचवणारी ही शक्ती अखेर पकडली गेली, मोजली गेली आणि दोन माणसांत वाटूनही झाली. ज्या सरकारी बाळंतीण कक्षात हा विजय नुकताच मिळू लागला होता, तिथला छताचा पंखा मात्र दोनच गतींनी फिरे: बंद आणि वादळ.

त्या वादळाखाली पल्लवीताई येरझारा घालत होत्या. चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या या बाईंना नऊ दिवसांपूर्वीपर्यंत येरझारा घालणाऱ्या माणसांचा तिटकारा होता.

त्या आल्या होत्या भावजयीसाठी, ईश्वरीसाठी. गोदामात खोकी उचलताना तिची कंबर धरली. कंबरेसाठी अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या. पुढे कंबर सुटली, गोळ्या राहिल्या. दिवस गेल्यावर ती आपण होऊन इथे आली. गोळ्या एकदम तोडल्या तर पोटातल्या बाळालाच हिसका बसतो, म्हणून डॉ. मुजावर तिला रोज मोजून बदली औषध देत. त्याने अंग सावरे. पण थोडी तलफ मागे उरेच, आणि बाळंतपणानंतर तीच बायकांना पुन्हा गोळ्यांकडे नेई.

ताईंचं निदान सोपं होतं: मनाचा निग्रह नाही. हे त्यांनी डॉक्टरांना, नर्सला आणि लिफ्टमधल्या एका अनोळखी गृहस्थांना सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही घ्या ना थोडी."

ओढवाटप म्हणतात ते हेच. तलफ म्हणजे मेंदूतल्या विजेची एक लय. कानामागे चिकटवलेली पट्टी ती लय उचलते आणि घरच्याच कुणाच्या तरी पट्टीत सोडते. लय नुसती दाबली तर मेंदू ती नव्याने तयार करतो. दुसऱ्याने घेतली तर मुकाट बसतो. असं का होतं ते माहीत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं, त्यामुळे ताईंचं त्यांच्याविषयीचं मत जरा सुधारलं. घेणारी ती वाटेकरीण. ताईंनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या औषधांच्या कपाटासमोर सापडल्या. कुलूप नीट आहे का ते बघत होते, म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी ईश्वरीच्या खाटेवर बसून त्यांनी हळूच विचारलं, "एवढं अंगात घेऊन तू पोळ्या कशा लाटायचीस गं?"

पाचव्या दिवशी मुलगा झाला. पोटात मिळणारं औषध तुटल्यामुळे तो थरथरायचा, टिपेला रडायचा. मंद दिवा, घट्ट दुपटं आणि आईच्या छातीची ऊब, हा त्याचा उपचार. ऊब मात्र ताईच देत होत्या. तो रडला की त्यांच्या पोटातून कुणी दोरी खेचल्यासारखं होई. ईश्वरी सांगितलं तर पाजायची आणि परत द्यायची. "बाळ रडतंय," ती म्हणायची, नळ चालू राहिलाय म्हणावं तशी.

आज डॉक्टर आलेख घेऊन स्टुलावर बसल्या. त्यांनी समजावलं की गोळीची ओढ आणि लेकराची ओढ मेंदूत एकाच वाटेने जातात, आणि त्या वेगळ्या काढायची चाळणी यंत्रात नाही. एक गेली, तिच्याबरोबर दुसरीही गेली.

"कुठे?" ईश्वरीने विचारलं.

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंच्या खांद्यावर बाळ होतं.

आता पट्टी काढायची, म्हणजे दोन्ही ओढी ईश्वरीकडे परत. नाहीतर वाटप कायम ठेवायचं: ईश्वरी जन्मभर निवांत, आणि मुलगा कागदापुरता तिचा. नियमाप्रमाणे पट्टी वाटेकरणीनेच काढायची होती.

"उद्या काढते," ताई म्हणाल्या. "आज त्याला बरं नाहीये. एकच दिवस. उद्यापासून नक्की."

ईश्वरी उठून बसली. "ताई, हे सगळं मी तुम्हाला सांगायचे. वाक्यं पण हीच."

ताई हसल्या नाहीत. "परत घेतलीस आणि पुन्हा गोळ्यांकडे गेलीस तर?"

"जाईनही. पण त्याच्याकडे बघून मला काही वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही. हे बरं नव्हे, एवढं अजून कळतंय. उद्या कळेल की नाही, ठाऊक नाही."

ताईंचा हात तीनदा कानामागे गेला आणि तीनदा बाळाच्या पाठीवर परत आला. शेवटी त्यांनी स्वतःलाच मनात हुकूम दिला, एक, दोन, आणि पट्टी ओढली. बाळ ईश्वरीच्या मांडीवर ठेवलं.

मिनिटभर काही झालं नाही. मग तिच्या कपाळावर घाम फुटला, चादरीखाली गुडघे हलू लागले. आई आणि मूल एकाच तालात थरथरत होती. तिची नजर कपाटाकडे गेली, बाळाकडे आली, पुन्हा कपाटाकडे गेली.

डॉक्टर पेन सरसावून पुढे झुकल्या. दोन्ही ओढी एकदम परत आलेली आई अजून कुणी पाहिली नव्हती. "ईश्वरी, नक्की कशाची ओढ वाटतेय?"

"कळत नाही, मॅडम. एकच आहे ती."

खाटेच्या पायथ्याशी ताईंची बोटं कानामागची रिकामी जागा चाचपत होती, आणि पट्टी निघाली तरी त्यांचीही नजर अजून कपाटावरच होती.

ईश्वरीने दुपट्याचं टोक बाळाच्या डोक्यावर ओढलं. दात वाजत असल्यामुळे तिला वाक्य दोनदा जुळवावं लागलं.

"तेवढा पंखा जरा कमी करता येतो का बघा ना. त्याला वारा लागतोय."