पुन्हा विचारू नका

आमच्या संस्थेत बियाणे साठवले जाते: चकचकीत पाकिटांत, हवा काढून, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली. त्यासाठी कोल्ड रूम आहेत आणि त्यांची दारे संगणकावरून उघडतात. दाराबाहेरची घंटी कोणी दाबली की कंट्रोल डेस्कच्या पडद्यावर एक लिंक येते. लिंकवर क्लिक केले की ब्राउझर विचारतो: हे पान दारांचे ॲप उघडू इच्छिते, परवानगी आहे? खाली दोन बटणे, ‘परवानगी द्या’ आणि ‘नाकारा’. त्यांच्याखाली खूण करण्यासाठी एक छोटा चौकोन, ‘पुन्हा विचारू नका’. हा प्रश्न कोणत्या संगणकावर विचारला जावा आणि कोणत्यावर नाही, हे ठरवणे माझे काम. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन हिने दारवानाची नोकरी धरली, असे दादा येईल-जाईल त्याला सांगतो.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. डेस्कवर तोच बसतो. तो, वहिनी आणि मी एकाच घरात राहतो, त्यामुळे त्याच्या विनोदांपासून मला सुट्टी अशी नाहीच. कामाला तो चोख आहे. फक्त पडद्यावरचे काही वाचत नाही. प्रश्नाची चौकट दिसली की ‘परवानगी द्या’ दाबतो.

“काय लिहिलंय ते बघतोस तरी का?” मी एकदा विचारले.

“बायको विचारते तेव्हा तरी कुठे ऐकतो? हो म्हणायचं. संसार चालतो.”

चौथ्या खोलीचे शीतयंत्र बिघडले तेव्हा तिच्यातले बियाणे दुसरीकडे हलवून दार बंद करण्यात आले. चुकूनही कोणी उघडू नये म्हणून वायरमनने घंटीच्या तारा तोडून टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. मी शेजारीच उभी होते.

त्यानंतर डेस्कवर चौकट आली. घंटी वाजली नव्हती, लिंक आली नव्हती, कोणी क्लिक केले नव्हते. चौथी खोली दार उघडण्याची परवानगी मागत होती.

दादाचे बोट पोचण्याआधी मी ‘नाकारा’ दाबले. ती परत आली.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. जुनी लिंक कुठेतरी साठून राहिली असेल, म्हणून ब्राउझर स्वच्छ केला. त्या दाराची नेटवर्कची तार काढली. शेवटी डेस्कचा संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा केला. दारांचे ॲप अजून त्यावर चढवायचे होते. पडदा उजळला आणि त्या कोऱ्या पडद्यावर पहिली चौकट आली ती चौथ्या खोलीची. जे ॲप तिथे नव्हतेच, ते उघडण्याची परवानगी ती मागत होती.

“देऊन टाक ना एकदाची,” दादा म्हणाला. “घरच्या मांजरालासुद्धा इतकं ताटकळत ठेवत नाही कोणी.”

“मांजर आहे हे माहीत असतं म्हणून.”

मी चौथ्या खोलीपाशी गेले. आत कोणी अडकले असण्याचा प्रश्न नव्हता. ही दारे आतून नुसती ढकलली तरी उघडतात. दाराच्या पोलादावर तळहात ठेवला. शीतयंत्र बंद असल्याने दार गार नसणार, हे मला अपेक्षित होते. पण ते तापलेल्या कपाळासारखे होते. फटीतून भिजलेल्या, मोड आलेल्या धान्याचा दाट, गोडसर वास येत होता. ती खोली मी स्वतः रिकामी झालेली पाहिली होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहितानाही नाही. मी फक्त तर्क केला. ज्याच्याकडे किल्ली असते तो विचारत बसत नाही. जो विचारतो त्याला होकाराची गरज असते. तेव्हा माझा नकार हेच त्या दाराचे खरे कुलूप होते, आणि ते काढायचे नाही असे मी ठरवले. चौकट येत राहिली, मी नाकारत राहिले. शेवटी कोण आधी कंटाळते ते पाहू, असे मी तिला मोठ्याने सांगितलेसुद्धा.

मग संचालकांनी बोलावले.

“मॅडम, उद्या देणगीदार येताहेत. त्यांच्यासमोर दर दारापाशी हे ‘परवानगी आहे का, परवानगी आहे का’ नको. ती ‘पुन्हा विचारू नका’ची खूण करून टाका.”

“नाही करणार, सर.”

“का?”

“बंद खोलीतून कोणीतरी विचारतंय. कोण ते कळेपर्यंत मी हो म्हणणार नाही.”

“हे तुम्ही बोलताय? एवढं विज्ञान शिकून?”

“शिकले म्हणूनच. कारण सापडलं नाही तर ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवलंय आम्हाला. जे माहीत नाही त्याला दार उघडून द्यायला नाही शिकवलं.”

ते हसले. “ठीक आहे. तुमचे बंधू करतील.”

मी तडक डेस्कपाशी गेले. “दादा, नीट ऐक. ही परवानगी एका दारापुरती नसते, विचारणाऱ्याला असते. एकदा ती खूण केलीस की तो पुढे कुठेच विचारणार नाही.”

“तू तत्त्वं सांभाळ, मी नोकरी सांभाळतो.”

“दाबू नकोस.”

“बरं बाई, नाही दाबत.”

लहानपणी माझ्या वाटची मिठाई खाण्याआधी तो याच सुरात शपथ घ्यायचा.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या खोलीच्या काचेतून मला डेस्क दिसत होते. दादा खुर्चीत बसलेला. संचालक त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे. मी उठून दारापर्यंत पोचेतो दादाचे बोट खाली गेले होते.

कॉरिडॉरच्या टोकाला चौथ्या खोलीचे कुलूप सुटल्याचा आवाज झाला. बाहेर कोणी आले नाही.

“बघ, खूण नाही केली, नुसती परवानगी दिली. काही झालं का?” दादा माझ्याकडे पाहून ओरडला. “थांब, बंद करून येतो.”

तो वळणाआड गेला.

मी माझ्या खुर्चीत परत येऊन बसले. तो लवकरच परतला.

माझ्या खोलीत दादा आजवर कधी विचारून आलेला नाही. दार ढकलतो, अर्धे वाक्य बाहेर बोलतो, अर्धे आत. या वेळी तो उंबरठ्यावर थांबला. दोन्ही बुटांची टोके उंबरठ्याच्या कडेला अगदी एका रेषेत होती.

“येऊ का?”

“चेष्टा पुरे झाली, दादा.”

“येऊ का?”

तोच सूर. शब्दांमध्ये तितकेच अंतर.

मोड आलेल्या धान्याचा वास खोलीत शिरला.

“अहो, जा की आत!” मागून संचालक म्हणाले. तो हलला नाही. खोली संचालकांची नव्हती.

“नाही,” मी म्हणाले.

“येऊ का?”

“नाही. माझा दादा कुठे आहे?”

“येऊ का?”

“शंभर वेळा विचार. उत्तर तेच मिळेल.”

एका हाताने मी घरचा नंबर लावला. भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलले.

“वहिनी, ऐक. दादा घरी आला आणि दारात उभा राहून विचारायला लागला, तर हो म्हणू नकोस.”

वहिनी हसली. “अगं, आत्ताच घरात आलाय तो. दारात उभं राहून ‘येऊ का, येऊ का’ लावलं होतं. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? ये, आणि पुन्हा विचारू नकोस.”



मी वळले. दारातला दादा आता विचारत नव्हता. त्याच्या बुटांची टोके उंबरठ्याच्या या बाजूला होती.

कोणी काही विचारले नव्हते. तरीही मी मोठ्याने म्हणाले, “नाही.”