पोटरीकडे बघणारे मास्तर

पडदे लावायला गेले आणि स्वतःच अडकले, दुसरं काय! शिवणकाम माझं. सभागृहाचे पडदे मीच शिवले होते. सकाळी सातला शिडीवर चढून कड्या अडकवत होते, खाली पन्नाशी उलटलेल्या बारा बायकांचा व्यायामवर्ग चाललेला. शिकवणारे मास्तर साठीचे, शाळेतून निवृत्त. गळ्यात शिट्टी, पाठ पट्टीसारखी सरळ. मी खाली उतरले, तर म्हणाले,

"बाई, प्रत्येक पायरीला डावाच पाय आधी टाकलात. डावा गुडघा कुरकुरतो वाटतं?"

"कुरकुरला तर माझ्याकडे कुरकुरेल. तुम्हाला कशाला चहाडी सांगेल?"

मास्तर हसले. डोळ्यांच्या कडेला बारीक चुण्या पडल्या... इस्त्री करूनही जाऊ नयेत अशा.

घरी येऊन मशीनवर बसले आणि चांगल्या कापडाला उलटी शिवण घातली. सव्वीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याला (देव त्याच्या आत्म्याला शांती देवो) माझा कुठला गुडघा दुखतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. या माणसाला आठ पायऱ्यांत कळलं!

सोमवारी मी वर्गात हजर. "गुडघ्यासाठी जातेय," असं सुनेला बजावलं. सून हसली नाही, पण तिचं न हसणं मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

"श्वास सोडा, बाई," मास्तर म्हणायचे.

"सोडला आणि परत नाही आला तर?"

"मी आणून देईन."

बारा बायका खोकायच्या. मी वर छताकडे बघायची. कान तापायचे, या वयात!

त्या कानांनीच घात केला. एके दिवशी मला यायला उशीर झाला, अंग मोकळं करायचं राहून गेलं. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेली ती उंच बाई दोरीवरून टुणकन उडी मारून गेली. मास्तर "वा!" म्हणाले. मग मी कशी मागे राहीन? घेतली उडी — आणि डाव्या पोटरीवर मागून कुणी खडा मारावा तसं झालं. वळून बघितलं. कुणी नव्हतं. पाय ठेववेना, तरी हसतच कोपऱ्यात गेले.

घरी सुनेला म्हटलं, "गरम तेलानं चोळ. चांगला जोर लावून." बिचारीनं चोळलं. दुसऱ्या दिवशी पोटरी वांग्यासारखी निळी. वर जाड मोजा चढवला आणि गेले वर्गात. पाय दुखतो म्हणून घरी बसेन, तर मी ती मी कसली!

मास्तरांचे डोळे सारखे त्या मोज्यावर. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोटरी दाखवता? काहीतरी तुटलंय आत. थांबा, यावर उभ्या राहू नका—"

चोरी पकडली गेली होती माझी. चोर काय करतो? ओरडतो. मीही ओरडले, "या वयात बायकांच्या पोटऱ्या बघायला येता का, मास्तर?"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

मास्तरांचा चेहरा... नको, तो सांगता येत नाही मला. त्यांनी मान खाली घातली नाही, उलट वर केली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली आणि उरलेला तास त्या घड्याळालाच शिकवला.

बोलता बोलताच मला ठाऊक होतं, की हे खोटं आहे. जीभ माझी कात्रीसारखी आणि कात्रीसारखाच तिला पश्चात्ताप नाही. तो सगळा पोटात साठतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी पाय बघून सुनेला झापलं. "ताज्या दुखापतीवर गरम तेल? चोळलंत? स्नायू फाटलाय, आत रक्त साकळलंय. पहिले दोन-तीन दिवस थंड शेकायचं, पट्टी, विश्रांती, पाय उंच. असल्या पायावर उभं राहताना कुणी थांबवलं नाही यांना?"

थांबवलं होतं. मास्तरांनी. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही.

पाय उशीवर ठेवून आठवडाभर पडून होते, तेव्हा ती उंच बँकवाली भेटायला आली. म्हणाली, "मास्तर शनिवारचा वर्ग घेऊन सोडून चाललेत. सभागृहाच्या समितीकडे कुणीतरी तुमचं ते वाक्य पोचवलं."

माझं वाक्य! शिवण माझी, उसवायलाही मीच हवी.

सुनेला म्हटलं, "जाड फ्लॅनेल काढ." पाय उंचच ठेवला आणि हातानं टाके घालून बर्फ ठेवायच्या बारा पिशव्या शिवल्या, वर्गातल्या प्रत्येकीला एक. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये, डॉक्टरांनी सांगितलं होतं. शनिवारी काठी टेकत गेले. सून बर्फाचा डबा घेऊन मागे.

दारातूनच दिसलं, मास्तर घड्याळाकडे बघत आकडे मोजताहेत. आणि बँकवालीचा पाय मुरगळलेला, घोट्यावर टेंगूळ आलेलं, तरी ती हसत उड्या मारतेय. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं.

"थांब गं!" मी ओरडले. "बस खाली! चोळू नकोस!"

मास्तर धावले. गुडघ्यांवर बसले, हात पुढे केले आणि... घोट्यापासून वीतभर लांब हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं.

धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं.

"हात लावा, मास्तर," मी म्हणाले. आवाज चिरकला, चिरकू दिला. "सगळ्याजणी ऐका. त्या दिवशी हे माझी दुखापत बघत होते. मी ती लपवत होते. पकडले गेले म्हणून घाण बोलले. यांच्या नजरेत खोट नव्हती, माझ्या जिभेत होती. समितीला हेच सांगणार आहे."

कुणी फिसकन हसलं नाही.

मास्तरांनी घोटा तपासला. "हाडावर दाबलं तर दुखतंय? चार पावलं टाकता येतील?" येत होती. पहिली पिशवी तिच्या घोट्यावर गेली, पाय खुर्चीवर चढला.

मग सगळ्या गेल्या. सूनही डबा घेऊन फार लगबगीनं गेली.

"पोटरी कशी आहे?" मास्तरांनी विचारलं, घड्याळाकडे बघत.

"घड्याळाला विचारताय?"

"सवय लागली."

"मोडा." मी खुर्चीत बसून मोजा खाली केला. पोटरी हिरवट, पिवळी, विटक्या अस्तरासारखी. लाजेनं कान पेटले होते, पण पाय मागे घेतला नाही. "बघा. आता डोळे भरून बघा."

बघितलं त्यांनी. पोटरीकडे जरासं... मग वर, बराच वेळ.

"अजून काही आठवडे उड्या नाहीत," म्हणाले.

"आणि मग?"

"मग सकाळी माझ्याबरोबर चालायला. हळूहळू."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही सोडून इथं कोण काय म्हणतं, बाई?"

लागलं. लागू दिलं, हक्काचं होतं.

दाराबाहेर तीन पायऱ्या. त्यांनी हात पुढे केला, मी धरला. डावा पाय आधी टाकला. ते बघत होते.

मी बघू दिलं.