चैत्यापुढे दिलेले वचन

उगवतीचा तांबूस उजेड आधी त्रिगिरीच्या माथ्यावरील चैत्यावर पडला, मग समोरच्या कोटाच्या ढासळलेल्या बुरुजांवर, आणि शेवटी मधल्या त्या मैदानावर, जिथे कोटाचा धनी महारठी विसाखमित आपल्या निम्म्या सैन्यासह पडला होता आणि जिथून गिधाडे अजून हटली नव्हती. शकांच्या वेढ्याला चौथा महिना लागला होता. कोटातले धान्य संपले होते. तरीही त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला दोन्ही पक्षांच्या उपासकांनी शस्त्रे पायथ्याशी ठेवून डोंगर चढावा, ही मर्यादा शकांनीही आजवर मोडली नव्हती.

विसाखमिताची विधवा भायिला पायऱ्या चढत होती ती पूजेसाठी कमी आणि याचनेसाठी अधिक. मागून फुलांची करंडी घेऊन तिचा दीर मितदेव येत होता. भाऊ पडल्यापासून कोट तोच लढवत होता.

चैत्यात तिथल्या विहाराच्या वृद्ध स्थविर बुधरखितांनी तिची आणि शक सेनापती दामसोमाची गाठ घालून दिली.

“सेनापती, आमचे योद्धे लढून मरतील. त्यांच्यासाठी मी काही मागत नाही,” भायिला म्हणाली. “बायका-मुलांना तेवढी वाट द्या.”

दामसोमाने स्तूपाकडे हात केला.

“उद्या सूर्योदयाला उत्तरेचा दरवाजा उघडा, देवी. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. या स्तूपासमोर वचन देतो.”

तो वंदनेसाठी वाकला, आणि मितदेवाने फुलांखालून सुरी उपसली.

भायिलेने मधे पडून पातेच मुठीत धरले. तळवा फाटला, रक्त मनगटावरून ओघळले. मूठ सुटली नाही.

“सोडा, वहिनी! दादाला मारणारा हाच!”

“ठाऊक आहे मला. पण भावजी, पोरांना वाट कोण देणार होते?”

दामसोमाबरोबर आलेल्या शकांनी मितदेवाला ओढत बाहेर नेले. तो परत दिसला नाही.

“देवी, माझे प्राण तुम्ही राखलेत,” दामसोम म्हणाला. “पण येथे शस्त्र आले हे घटकाभरात छावणीत कळेल. मग मी आज्ञा केली तरी माझे सैन्य कोणाला वाट देणार नाही. तुम्ही विहारातच राहा.”

“सेनापती, वचन स्तूपासमोर दिले होते,” स्थविर कळवळून म्हणाले.

“शस्त्रही स्तूपासमोरच उपसले गेले, भदंत.”

भायिलेने हाताला चिंधी गुंडाळली.

“कोटात मुले माझी वाट पाहत असतील,” एवढेच बोलून ती पायऱ्या उतरू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोट पडला. जे लढले ते मारले गेले. उरलेल्यांना दावणीला बांधून दासांच्या बाजाराकडे, भरुकच्छाच्या वाटेला लावले. भायिलेला वेगळे काढून सोडून देण्याची दामसोमाची आज्ञा आली, पण ती रांगेतून हलली नाही.

वाटेत एका मुलीने तिला विचारले, “आपण घरी केव्हा जायचं?”

उजव्या हाताने उचलवेना, म्हणून भायिलेने तिला डाव्या हाताने कडेवर घेतले, आणि ती रांगेबरोबर चालत राहिली.